समुद्राचेच पाणी

सालांची अदलाबदल झाली तर आर्नफिनला तीन गोष्टी मिळणार होत्या: जुलैचे कोरडे आठवडे, धक्क्यावर उघड्या पाठीने बसायचे सुख, आणि उन्नी. उन्नी म्हणजे त्याची बायको. एकेचाळीस वर्षे ती त्याच्याच घरात होती, तेव्हा ती नव्याने मिळायचा प्रश्न खरे तर यायला नको होता. पण फेब्रुवारीत, भांडी पुसता पुसता, तिने सांगून टाकले होते.

“या जुलैत मला परत लोकरी पायजमा घालून फासे खेळत बसवलंस ना, तर मी माझ्या बहिणीबरोबर कॅनरी बेटांवर उन्हात जाईन. तीन आठवडे. तू बस तुझ्या बेटावर.”

“अगं, हवामान काय माझ्या हातात आहे?”

“हवामान नसेल. साल तरी बदलून घे.”

सालाची भानगड अशी. आर्नफिनच्या वडिलांनी बर्गनच्या खाडीतोंडाशी, एका टीचभर बेटावर लाकडी घर बांधले होते. झोपायची एक खोली, चूल, धक्का आणि होडीची शेड. वडील गेले आणि घर दोघा भावंडांकडे आले. अख्खा देश ज्या तीन आठवड्यांत कुलूप लावून सुट्टीवर जातो, ते जुलैचे तीन आठवडे सम सालात आर्नफिनचे आणि विषम सालात त्याची बहीण सोलफ्रिद हिचे, असे ठरले. त्याला अठरा वर्षे झाली. नऊ उन्हाळे त्याचे, नऊ तिचे. त्याचे नऊच्या नऊ गारठलेले आणि तिचे नऊच्या नऊ उबदार, अशी आर्नफिनची खात्री होती. खरे पाहता तिचेही दोन पावसात गेले होते आणि त्याचाही एक बरा गेला होता. पण सदतीस वर्षे मासळीच्या वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला किरकोळ तूट सोडून द्यायची सवय असते.

त्याने चौकटीच्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे धुके, पाऊस, बारा अंश, चूल पेटवली, चूल पेटवली, चूल पेटवली. उजवीकडे ऊन, ऊन, छपरावरचे डांबर वितळले. कागद घेऊन त्याने बहिणीला फोन लावला.

“निसर्ग आहे रे,” सोलफ्रिद म्हणाली. ती निवृत्त मास्तरीण. तिच्या आवाजात अजून खडू होता. “मी काय करणार?”

“साल बदलून दे. सम तुला, विषम मला. कायमचं.”

“आणि का म्हणून?”

“न्याय म्हणून!”

“मग आत्याला विचार.”

हे मात्र बरोबर होते. वडिलांनी लिहून ठेवले होते की घरावरून वाद झाला तर बोर्गहिल सांगेल ते ऐकायचे. बोर्गहिल आत्या आता अठ्ठ्याऐंशीची होती आणि वृद्धांच्या सदनिकेत राहत होती. तिच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसे, आणि कुणाची गाडी किती तिरकी लागली आहे हे ती येईल त्याला सांगे.

मार्चमधल्या एका रविवारी तिघे तिच्याकडे जमले. आत्याने वॅफल भाजली होती. आर्नफिनने कागद पुढे सरकवला. तिने त्याच्यावर जॅमची बरणी ठेवली.

“हा तुझा कागद. तुझ्या वडिलांच्या घरात कागद चालत नाही, वही चालते. वही आणलीस?”

वही म्हणजे बेटावरच्या घराची वही. तिकडे जो राहील त्याने रोज तारीख, वारा, समुद्राचे तापमान आणि दोन ओळी लिहायच्या, हा वडिलांचा दंडक. वहीत नाही ते घडलेच नाही, असे ते म्हणत. सोलफ्रिदने पिशवीतून वही काढली. मागच्या उन्हाळ्यापासून ती तिच्याकडेच होती. तिचा चेहरा अगदी शांत होता.

“तू तुझं वाच,” आत्या म्हणाली. “मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं.”

आर्नफिनने पहिले सम साल उघडले आणि पान डोळ्यांजवळ नेले.

“काय रे, अक्षर लागत नाही? तुझंच आहे ना?”

“‘सुरेख दिवस,’” आर्नफिनने हळूच वाचले. “‘न्याहारीआधी दोनदा पोहलो. उन्नी पावासारखी खरपूस झाली आहे.’”

उन्नीने कॉफीचा कप खाली ठेवला. त्या वर्षी ती एकवीसपैकी एकोणीस दिवस चुलीपासून हातभर अंतरावर होती आणि तिचे नाक सोडून शरीराचा कोणताही भाग उघड्यावर आला नव्हता.

“पुढचं वाच.”

“‘असा उन्हाळा आठवत नाही. समुद्र एकोणीस अंश.’”

“पुढचं.”

“‘बिचाऱ्या सोलफ्रिदला हे पाहायला मिळायला हवं होतं.’”

हे का लिहिले, ते आर्नफिनला चांगले आठवत होते. पुढच्या वर्षी बहीण येणार, वही उघडणार, आपल्या भावाने जुलैत चूल पेटवली हे वाचून गालातल्या गालात हसणार, हा विचार त्याला धुक्यापेक्षा बोचत असे. म्हणून पहिल्या वर्षी त्याने थोडा रंग चढवला. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा कमी लिहिणे बरे दिसेना. नवव्या खेपेपर्यंत त्याने बर्गनच्या समुद्रात जवळजवळ प्रवाळ रुजवले होते.

“आता तू गं,” आत्या सोलफ्रिदला म्हणाली.

सोलफ्रिदने वही घेतली आणि मुलांना श्रुतलेखन घालावे तशी सावकाश वाचू लागली. “‘ढगाळ. अंगात ओल शिरली. समुद्र तेरा अंश. पाय घालवत नाही.’ ‘आजही तेच.’ ‘इथे कुणी कशाला यावं?’”

“अगं, त्या साली डांबर वितळत होतं!” आर्नफिन उसळला. “तू भाजून निघाली होतीस! आठवडाभर उभ्यानं जेवत होतीस!”

“वहीत आहे का तसं?”

वहीत तसे नव्हते. सोलफ्रिद दूरचे पाहणारी होती. आपले ऊन भावाला कळले तर तो वाटणी मागायला येणार, हे तिने पहिल्याच वर्षी ताडले होते आणि नऊ वर्षे मन लावून पाऊस पाडला होता. आर्नफिनने मात्र तिची पाने कधी उघडलीच नव्हती.

बोर्गहिल आत्याने चष्मा काढून पुसला. “म्हणजे याला नऊ गरम मिळाले, हिला नऊ गार. आणि अदलाबदल मागतोय हा.” तिने आर्नफिनकडे पाहिले. “तुला काही म्हणायचंय? वडिलांच्या वहीत खोटं लिहिलं, असं काही?”

आर्नफिनने तोंड उघडले. समोर वडिलांच्या हातची, निळ्या कापडात बांधलेली वही होती. शेजारी उन्नी होती आणि ती छताकडे पाहत होती.

“नाही,” तो म्हणाला.

“तुला गं?”

“नाही, आत्या,” सोलफ्रिद म्हणाली, पण आवाजातला खडू मोडला होता.

“मग न्याय सरळ आहे. पोरीनं अठरा वर्षं सोसलं. याची गरम सालं आता हिला. सम सोलफ्रिदचं, विषम आर्नफिनचं. वॅफल घ्या.”

आर्नफिनला क्षणभर कळेना. मग कळले. पराभव झाला होता आणि हवे ते सगळे मिळाले होते! त्याने एकदम दोन वॅफल घेतली. सोलफ्रिदने एकही घेतली नाही.

लिफ्टची वाट पाहताना त्याने विचारलेच. “तेरा अंश कुठे मोजलेस?”

“धक्क्यावरून. गळाच्या दोऱ्याला तापमापक बांधून, पंधरा मीटर खाली सोडून. आणि तू एकोणीस?”

“बादलीत.”

“बादली कुठे होती?”

“चुलीजवळ.”

“आर्नफिन!”

“समुद्राचंच पाणी होतं,” तो म्हणाला.

“माझंही,” सोलफ्रिद म्हणाली. अठरा वर्षांत दोघांचे एकमत झाले ते एवढेच.

गाडीत बसल्यावर आर्नफिन शीळ घालू लागला. दुसऱ्या सिग्नलला उन्नी म्हणाली, “मागचं साल सोलफ्रिदचं होतं ना?”

“विषम. हो.”

“आणि हे सम आहे.”

“हो.”

“सम आता कुणाचं?”

शीळ थांबली. मागच्या नऊ आणि नऊ सालांचा ताळा त्याने तीनदा घातला होता. चालू साल रकान्यात घ्यायचेच राहून गेले होते. सोलफ्रिदला ओळीने दोन उन्हाळे, आणि निवृत्तीनंतरचा पहिला जुलै त्याला गावात, सगळी दुकाने बंद असताना.

त्या जुलैत बर्गन तापले. एकतीस अंश. पंखे संपले, आइसक्रीम संपले. आर्नफिन चौथ्या मजल्यावर छपराखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. उन्नी कॅनरी बेटांवर गेली नाही. इथेच कॅनरी झाली आहे, असे म्हणून ती रोज सकाळी महापालिकेच्या समुद्रस्नानाच्या घाटावर जाई आणि संध्याकाळी खरोखरच पावासारखी खरपूस होऊन परत येई. “चल की,” ती रोज म्हणे. आर्नफिन जाईना. घाटावरून बेट दिसे.

पण बेटावर वेगळेच चालले होते. जुलैच्या पहिल्या दिवशी बोर्गहिल आत्या चाकाची बॅग घेऊन सोलफ्रिदच्या दारात उभी राहिली होती. “अठरा वर्षं तुम्ही वही लिहिताय,” ती म्हणाली, “मला एकदाही कुणी चल म्हटलं नाही. गाड्या बघून डोळे शिणले माझे. चल.” सोलफ्रिदने झोपायची खोली तिला दिली आणि स्वतः बाकावर झोपली. आत्या तीन आठवडे धक्क्यावर खुर्ची टाकून बसली, पाय पाण्यात सोडून, आणि रोज स्वतःच्या हाताने, गुडघाभर पाण्यात तापमापक बुडवून लिहीत गेली. वीस. एकवीस. एकवीस. सोलफ्रिदला खोटे लिहायला एक ओळसुद्धा उरली नाही. तिने आठवड्याला चाळीस वॅफल भाजली.

पुढल्या साली विषम आले आणि आर्नफिनचे आले. आत्याही आली. “हिचं पाहिलं, आता याचं पाहू.”

धुकेही आले. अकरा अंश, आडवा पाऊस, समोरचे बेट दिसेना. चौथ्या दिवशी आर्नफिन बंदरावरचे बोटींचे वेळापत्रक गुपचूप खिशात घेऊन आला आणि उन्नीसमोर ठेवले. “जा तू. बहिणीला फोन कर. मी रागावणार नाही.”

“गप रे, माझी पाळी आहे,” उन्नी म्हणाली आणि फासे फेकले. “पाचही सहा! आत्या, पैसे काढा!”

“नवऱ्यासारखीच लबाड आहेस,” आत्या खिदळली. “परत फेक!”

त्या दोघी चुलीशी रात्री अकरापर्यंत खेळत, एकमेकींना लबाड म्हणत, आणि एकीच्याही तोंडी कॅनरी बेटांचे नाव आले नाही. बेचाळीस वर्षांत आर्नफिनला फासे हसत खेळता येतात हे सुचलेच नव्हते. तो हरला की हवामानाला शिव्या देई.

तर एकूण जमाखर्च असा. बोर्गहिल आत्याला दोन उन्हाळे मिळाले, एक गरम आणि एक गार, आणि तिच्या मते गार अधिक चांगला होता. सोलफ्रिदचे ऊन वॅफल भाजण्यात गेले, पण बाकावर आखडलेली पाठ सुधारल्यावर तिने आत्याला स्वतःहून पुढच्या सालचे बोलावणे केले. उन्नीने काही भरले नाही. आर्नफिनला जे हवे होते ते मिळाले: उन्नी जुलैत बेटावर राहिली, आपल्या खुशीने. फक्त खोलीत पलंग दोनच, ते दोघींनी घेतलेले, आणि बाकावर फासे मांडलेले. म्हणून तो एकवीस रात्री होडीच्या शेडमध्ये झोपला, जाळ्यांच्या ढिगावर, लोकरी पायजमा घालून.