हेरॉन्सची पनवती

दुसऱ्या सामन्याची पाचवी इनिंग चालू असताना रुडी झुपानच्या तळघरातला पाण्याचा पाइप फुटला, आणि तिथून पुढे सगळं बिघडत गेलं.

तसं त्या क्षणापर्यंतही काही बरं चाललेलं नव्हतं. बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना त्यांच्या शहराचे हेरॉन्स हरले होते आणि दुसराही त्याच वाटेने निघाला होता. सात सामन्यांत जो चार जिंकेल तो देशाचा विजेता. रुडीच्या बैठकीच्या खोलीत निम्मी गल्ली दाटीवाटीने बसली होती, कारण गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्याच्याकडे होता. पोलाद कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या रुडीने तो गेल्याच उन्हाळ्यात घेतला होता, आणि घेताना बायकोला स्वच्छ सांगितलं होतं, की हा टीव्ही हेरॉन्ससाठी आहे. बाकीचे कार्यक्रम तिने फुकटात बघावेत.

"रुडी," स्वयंपाकघरातून डोलोरसची हाक आली, "खाली पाणी झालंय. माझे धुतलेले कपडे तरंगतायत."

"ही इनिंग होऊ दे."

"इनिंग होईपर्यंत बटाट्याचं पोतं पोहायला लागेल."

रुडी पाना घेऊन खाली गेला. घोटाभर गार पाण्यात उभं राहून पाइपशी झटत असताना वरून पाय आपटल्याचे आवाज आले, मग टाळ्या, मग पुन्हा पाय. भिजलेली विजार घेऊन तो वर आला तेव्हा हेरॉन्सनी चार धावा काढून आघाडी घेतली होती. तो खुशीत आपल्या खुर्चीवर बसला. पुढच्याच चेंडूवर समोरच्या संघाच्या बॅटरने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला.

शेजारच्या गस पेत्राकिसने सावकाश मान वळवली. गसचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं आणि मालिका संपेपर्यंत तो दाढी करत नसे, मोजे बदलत नसे.

"रुडी, पाइप नीट बसला का रे?"

"बसला."

"पुन्हा एकदा बघून ये की."

सगळे हसले. रुडीही हसला आणि पुन्हा खाली गेला. हेरॉन्स जिंकले.

तिसऱ्या सामन्याला रुडी पहिल्यापासून खुर्चीत होता आणि हेरॉन्सची अक्षरशः धूळधाण झाली. सामना संपला तेव्हा कुणीच टीव्हीकडे बघत नव्हतं. सगळे रुडीकडे बघत होते.

"एक विचारू?" गस म्हणाला. "हेरॉन्स शेवटचे कधी जिंकले?"

"माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी," रुडीने सांगितलं. आतापर्यंत ही गोष्ट तो अभिमानाने सांगत असे, जणू संघाच्या विजयाला आणि आपल्या जन्माला एकाच घरातून बोलावणं आलं होतं. आज ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"मी काही म्हणत नाही," गस म्हणाला. "पण तू जन्मलास आणि ते थांबले."

गसची बायको इरिनी म्हणाली, "अहो, असं तोंडावर बोलतात का कुणाच्या?"

"मग पाठीमागे बोलू?"

चौथ्या सामन्याला रुडी स्वतःहून तळघरात गेला. कुणी 'जा' म्हटलं नाही; फक्त तो उठल्यावर सगळ्यांनी पाय आखडून त्याला वाट करून दिली. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी बादली पालथी घालून तो बसला. वरच्या लाकडी जमिनीवर पडणाऱ्या पावलांवरून त्याने अख्खा सामना ओळखला. हेरॉन्स जिंकले. गसने दार उघडून वरूनच हात मिळवायला खाली केला, पण वर बोलावलं नाही. "उगाच कशाला," तो म्हणाला.

पाचव्या सामन्याला मात्र रुडीला राहवलं नाही. हेरॉन्स आघाडीवर होते, शेवटच्या इनिंगा चालू होत्या, आणि वर इतकी शांतता होती की त्याचा जीव घाबरा झाला. तो पाय न वाजवता पायऱ्या चढला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. पडद्यावर एक सोपा झेल आकाशातून खाली येत होता, लहान पोराने ओंजळीत घेतला असता असा. हेरॉन्सच्या खेळाडूने तो घेतला, आणि सोडला.

"फटीत डोळा आहे," इरिनी म्हणाली.

सगळे वळले. फटीतला डोळा मिटला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यानंतर ही गोष्ट गल्लीपुरती राहिली नाही. सहावा सामना कामाच्या दिवशी दुपारी होता. कारखान्यात जिथे तिथे रेडिओ लावलेले. फोरमन मॅकनॅली रुडीच्या क्रेनखाली येऊन उभा राहिला. एरवी हा माणूस खालूनच ओरडत असे, आज टोपी हातात घेऊन आला होता.

"झुपान, आज तू मागच्या यार्डात जा. तिथे गंजलेल्या साखळ्या पडल्यात, त्या मोज."

"कशासाठी?"

"मोजायच्या असतात म्हणून."

रुडीने साखळ्या मोजल्या. वाऱ्यात, एकट्याने. मधेच कारखान्यातून आरोळी उठली तेव्हा त्याला कळलं, की हेरॉन्स जिंकले आणि मालिका बरोबरीत आली. त्याला आनंद झाला आणि तो साखळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. आरोळीत त्याच्या नावाचा एक शब्द नव्हता, आणि तरी तिथल्या प्रत्येक माणसाला वाटत होतं की हे रुडीमुळे, म्हणजे रुडी नव्हता त्यामुळे.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. "मला लहानपणी बाबांनी खांद्यावर बसवून मैदानावर नेलं होतं," तो डोलोरसला म्हणाला. "तेव्हाही हरले होते."

"सगळेच कधी ना कधी हरतात, रुडी."

"मी बघतो तेव्हा हरतात."

डोलोरसला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नापासून एकही सामना तिने धड पाहिला नव्हता. ती नुसती त्याच्या ताटातला कोबी परत पातेल्यात टाकत राहिली.

सातवा सामना रविवारी होता. सकाळी चर्चमधून बाहेर पडताना फादर कोवाचनी दाराशी रुडीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"रुडी, आज दुपारी कुठे असशील?"

"घरीच, फादर."

हात अजून त्यांच्याच हातात होता. "प्रार्थना कुठूनही पोहोचते, बाळा. घरातूनच केली पाहिजे असं काही नाही."

घरी पोहोचेपर्यंत खुर्च्या भरल्या होत्या. डोलोरसने त्याचा जाड कोट आणि कागदात बांधलेलं सँडविच पुढे केलं.

"तू बाहेर जा असं मी म्हणत नाहीये."

"मग कोट का देतेस?"

"गारठा आहे म्हणून." तिने वर पाहिलं नाही. "रेडिओच्या जवळ जाऊ नकोस, रुडी. गल्लीतल्या सगळ्यांसमोर कबूल केलंयस तू."

"लक्षात आहे."

तो स्वतःच्या घरासमोरच्या फुटपाथवर उभा राहिला. आतून गस खिडकीशी आला, त्याने चेहरा शक्य तितका ओशाळा केला आणि पडदा ओढून घेतला.

शहरात सामन्यापासून लपायला जागा नव्हती. बसच्या ड्रायव्हरने रेडिओ मांडीवर ठेवला होता, म्हणून रुडी पुढच्या थांब्यावर उतरला. न्हाव्याच्या दुकानाचं दार उघडं होतं आणि आतून समालोचकाचा आवाज येत होता, म्हणून त्याने रस्ता ओलांडला. सरोवराच्या धक्क्यावर तरी कुणी नसेल असं वाटलं, तर तिथे गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मधोमध एक ट्रान्झिस्टर. रुडी कानांवर हात दाबून तिथून जवळजवळ पळाला. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, पण त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या आठवड्यात शहरात बरेच लोक वेड्यासारखं वागत होते.

शेवटी तो टेकडीवरच्या दफनभूमीत गेला. इथे रेडिओ नव्हता. बापाच्या दगडाजवळ तो ओल्या गवतावर बसला आणि सँडविच खाल्लं. बापही कारखान्यातच होता, बापही हेरॉन्सचाच होता, आणि तोही पोरासारखाच पुन्हा जिंकण्याची वाट बघत बघत वारला होता.

"बाबा," रुडी म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं का हो? ठाऊक असून मला न्यायचात?"

सरोवरावरून वारा येत राहिला. खाली शहर दिसत होतं. हेरॉन्स जिंकले तर कारखान्याचा भोंगा वाजणार होता, बंदरातली जहाजं भोंगे देणार होती, चर्चच्या घंटाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. रुडी भोंग्याची वाट बघत बसला. सूर्य कारखान्याच्या धुराड्यांमागे गेला. सामना लांबला असेल, तो मनाशी म्हणाला. मग रस्त्यावरचे दिवे लागले. मग फाटक लावायला रखवालदार आला, त्याचे डोळे तांबडे झाले होते.

"बंद करतोय."

"काय झालं?"

"बंद करतोय म्हटलं ना."

रुडीला कळलं. हेरॉन्स हरले होते. छातीत ओळखीची कळ आली, वर्षानुवर्षांची, आणि तो तिला जागा करून देणार इतक्यात तिच्या मागून दुसरंच काहीतरी आलं. तो पाहत नव्हता. ऐकतही नव्हता. तो मेलेल्या माणसांच्या मधे बसला होता. आणि तरी ते हरले होते.

म्हणजे पनवती तो नव्हता. आजही नव्हता आणि कधीच नव्हता. खांद्यावर बसलेलं ते पोरही नव्हतं.

तो टेकडी उतरायला लागला तेव्हा पाय इतके हलके पडत होते की त्याला स्वतःची लाज वाटली. बसमध्ये सगळे मयतीहून आल्यासारखे बसले होते. ड्रायव्हरचा रेडिओ बंद होता. एका बाईने रुमालाने डोळे पुसले. रुडीनेही रुमाल काढला आणि तोंडावर धरला, कारण त्याला हसू येत होतं. अख्ख्या शहरात त्या संध्याकाळी एकच माणूस सुखात होता आणि तो कारखान्याच्या थांब्यावर उतरला.

घरात सामसूम होती. ताटल्या खुर्च्यांखाली तशाच पडल्या होत्या, इरिनीने आणलेला केक अर्धा खाल्लेला. डोलोरस त्याच्या खुर्चीत बसली होती. ती बंद टीव्हीकडेच बघत होती.

"गेले सगळे?" रुडीने विचारलं.

"गेले. माझा निरोप न घेता गेले."

"हरल्यावर लोक असेच जातात गं."

"तसं नाही, रुडी." तिचा आवाज चिरकला. "ते जिंकत होते. दोन धावांनी पुढे होते. सगळे नाचत होते. मी म्हटलं, शेवटचं तरी बघावं, म्हणजे तू आलास की कसे जिंकले ते तुला सांगता येईल. तुझी खुर्ची तेवढी मोकळी होती. मी बसले." तिने खुर्चीच्या हातावर बोट टेकवलं. "मी बसले आणि पुढच्याच चेंडूला सुरू झालं. एकामागून एक. गसने वळून माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मला उठायचंही सुचेना."

रुडी कोट न काढता तसाच उभा होता.

"कुणी काही बोललं नाही," ती म्हणाली. "इरिनी तर मान खाली घालून केकचं भांडंही न घेता गेली. तुला उगाच बाहेर घालवलं आपण. घरात पनवती होती ती मीच." आणि इतकी वर्षं कुठल्याही सामन्यासाठी न रडलेली डोलोरस पदरासारखा एप्रन तोंडाला लावून रडायला लागली.

रुडीने तिच्याकडे पाहिलं. उद्या ती ब्रेड आणायला जाईल, तेव्हा दुकानात बोलणं थांबेल. रविवारी फादर तिचा हात हातात धरून ठेवतील. ते कसं वाटतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. दफनभूमीच्या फाटकापासून या खोलीपर्यंत, आयुष्यात तेवढाच वेळ तो निर्दोष राहिला होता, आणि तो वेळ छान गेला होता.

"आठवी इनिंग होती का?" त्याने विचारलं.

"असेल. मला काय कळतंय."

"आठवीच. मी तेव्हा धक्क्यावर होतो. म्हाताऱ्यांकडे ट्रान्झिस्टर होता." त्याने टोपी काढली. "मी ऐकलं."

एप्रन खाली आला. "ऐकलंस?"

"थांबून ऐकलं. शेवटपर्यंत."

डोलोरस त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, मग गालांवर रंग आला, आणि मग तो रंग वाढत गेला.

"म्हणजे मी नव्हते."

"तुझा काय संबंध."

"तू कबूल केलं होतंस, रुडी. एवढ्या माणसांसमोर कबूल केलं होतंस. एक दुपार, फक्त एक दुपार तुला कान आवरता आले नाहीत?"

"नाही आवरले."

ती उठली. एप्रन झटकला, केस सारखे केले आणि फोनकडे गेली. "इरिनी? मी बोलतेय. हो, आला. अगं, यानेच. धक्क्यावर, कोळ्यांच्या रेडिओवर. आठवी इनिंग. बरोब्बर तेव्हाच." तिच्या आवाजात जीव परत आला होता. भिंतीपलीकडून गसचं "तरी मी म्हणत होतो" ऐकू आलं, फोनशिवायच.

रुडीने स्वयंपाकघरात जाऊन गार झालेला कोबी ताटात घेतला. बऱ्याच वेळाने डोलोरस आली आणि ताट त्याच्या हातातून घेऊन तिने कोबी गरम करायला ठेवला.

"पुढच्या वर्षी," ती भांडं आपटत म्हणाली, "तुला मी नेब्रास्काला माझ्या बहिणीकडे पाठवणार आहे. तिच्याकडे रेडिओ नाही, आणि तिचा नवरा कुणाशी बोलत नाही."

"बरं," रुडी म्हणाला.

त्या संध्याकाळी अख्ख्या शहरात पुढच्या वर्षाचं नाव काढणारी ती पहिलीच होती.