दात उमटलेला रोट

साखरपुड्याच्या दुपारी यू-छिंगने स्वतःच्याच लग्नाच्या रोटाचा लचका तोडला आणि नेमकी तेव्हाच तिची आई बाओ-चू स्वयंपाकघरात आली.

"थुंक!"

यू-छिंगने गिळला.

"कार्टे, नवरीनं आपला रोट खायचा नसतो! स्वतःचं सुख स्वतःच खाऊन बसलीस!"

"या झग्यात मावायला तीन दिवस उकडलेली कोबी खातेय, आई. सुखाला इतका खमंग वास यायला नको होता."

लुकांग गावात साखरपुड्याला नवऱ्याकडून साठ-साठ रोट येतात. वर तीळ, आत डुकराचा खिमा आणि कोहळ्याचा मुरंबा. जिच्याशी दहा वर्षं बोलणं नाही त्या आत्याकडेही एक जातो. रोट पोचला म्हणजे लग्न ठरलं. सगळं गाव खातं. उपाशी कोण? जिच्या लग्नाचा आहे ती. हा नियम ज्याने केला, त्याचं पोट त्या दिवशी नक्की भरलेलं होतं.

बाओ-चूने त्या उष्ट्या रोटाचा खोका बंद करून कोपऱ्यात दडवला. बाहेर विहीणबाई बसल्या होत्या, लियाओबाई. मुहूर्त तीन ज्योतिष्यांकडून तपासून घेणारी बाई. तिला कळलं तर सोयरीक अंगणातच मोडली असती.

जेवणं झाली. सहा रोट नवऱ्याकडे परत पाठवायचे असतात. यू-छिंगच्या बापाने, जिन-शुईने, ते पाहुण्यांच्या गाडीत ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता काम केलं.

"पाचच काढून ठेवले होतेस," तो छाती काढून म्हणाला. "सहावा मी कोपऱ्यातून शोधला."

बाओ-चू दाराकडे धावली. गाडी सुरू झाली होती.

"हाक मारू का?" जिन-शुई म्हणाला.

"तोंड शिवून टाकीन!"

कारण साखरपुड्याहून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही, कुणी 'या' म्हणत नाही. म्हटलं तर पुन्हा लग्न करायची पाळी येते म्हणे. पाहुणे चोरासारखे सटकतात आणि यजमान भिंतीकडे बघत उभे राहतात. मागून हाक मारायची सोय नव्हती. मग उरला एकच मार्ग. पुढे जायचं.

बाओ-चूने स्कूटर काढली. मागे यू-छिंग, लाल झगा कमरेपर्यंत गोळा करून. देवळाजवळच्या सिग्नलला त्यांनी गाडी गाठली आणि स्कूटर आडवी घातली.

लियाओबाई खाली उतरल्या. बाओ-चूला तोंड उघडायची चोरी. तिने नुसतं मागच्या सीटवरच्या खोक्यांकडे बोट दाखवलं. लियाओबाईंनी एकेक उघडून पाहिला. सहाव्यात दातांचे ठसे, काठाला लाल लिपस्टिक.

"उंदीर लागला वाटतं," बाओ-चू कशीबशी म्हणाली.

"लिपस्टिक लावतो तुमच्याकडचा उंदीर?"

"उंदीर मी आहे," यू-छिंग म्हणाली. "भूक लागली होती. मोडायचं तर मोडा लग्न, पण माझ्या आईला बोलायचं नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. लियाओबाईंनी तो रोट हातात उचलून घेतला.

"माझ्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझा रोट अख्ख्या गावानं खाल्ला. सासूनं एकटीनं चार खाल्ले आणि मरेपर्यंत मला चव सांगत राहिली, मेली."

त्यांनी दातांच्या ठशाला लागूनच एक मोठा घास घेतला. डोळे मिटून चावला.

"खोटं नव्हती बोलत."

"म्हणजे लग्न...?" बाओ-चूने विचारलं.

"तारीख ठरलीय ना? मग काय! तुम्ही खाल्ला होतात का तुमचा?"

"कुठला हो! वास घेतला तेवढाच."

"मग बघताय काय? घ्या."

गाडीच्या बॉनेटवर रोट ठेवून दोघी विहिणी खात सुटल्या. मागची रांग चौकापर्यंत गेली. कुणी शिवी दिली, तर लियाओबाईंनी त्याच्याकडे तीळ झटकले.

शेवटचा तुकडा उरला. यू-छिंगने हळूच हात पुढे केला. दोघींनी एकाच वेळी तिच्या हातावर चापट मारली.

"नवरीनं खायचा नसतो!"