काचेला आरओचं पाणी

"काचेले आरओचं पानी अन् माह्या पोरायले बोरचं? काऊन जी, काच का आजारी पडते?"

वरच्या मजल्यावरच्या मंगलाबाई गॅलरीतून ओरडत होत्या आणि खाली अर्धी कॉलनी जमली होती. शिडीशेजारी उभ्या माणसाने मान वर केली नाही. घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी तो बादलीत ओतत होता.

"आजारी नाई पडत, बाई. डाग पडते. पोरायवर पडत नाई."

हा सुखदेव. माझा शेजारी, आणि घुग्घुसमधला एकमेव खिडक्या पुसणारा. घुग्घुसमध्ये हा धंदा काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला सिमेंट, मधे आम्ही. सकाळी पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस चौकात करडा होतो, खाणीच्या रस्त्याला लागला की काळा. संध्याकाळी बायको आधी आवाज ओळखते, मग दार उघडते. आमच्या गल्लीत एकाने दोन पावसाळे खिडकी पुसली नाही. सिमेंट बसलं, पाऊस पडला, सिमेंट धरलं. तिसऱ्या वर्षी त्याने तिथे खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. त्यावर मी स्वतः तारीख पाहिली आहे.

अशा गावात सुखदेव काच पुसतो, आणि ती संध्याकाळपर्यंत पुन्हा मळते. गिऱ्हाईक तक्रार करतं. सुखदेव म्हणतो, "मी काच पुसतो जी. हवा पुसाचा ठेका मी नाई घेतला."

त्याचं सगळं शास्त्र पाण्यात आहे. आमच्या बोरच्या पाण्यात इतका क्षार, की ते काचेवर वाळलं तर मागे रांगोळी उरते. त्यामुळे तो कोणाच्याही घरी गेला की आधी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखतो आणि यजमानांच्या देखत थुंकतो. पाणी तपासायचं मीटर त्याच्या खिशात असतं, पण त्याच्यावर त्याचा विश्वास नाही. "मीटर सांगते किती खारं. जीभ सांगते कुठचं खारं." एकदा एका साहेबांच्या बंगल्यावर त्याने घोट घेतला आणि जाहीर केलं, "हे तुमच्या बोरचं नाई, सायेब. बाजूवाल्याचं हाय." साहेब पांढरे पडले. बाजूवाले कंपाउंडवरून ऐकत होते. पुढे खणाखणी झाली आणि जमिनीखालून चोरून घेतलेला पाइप निघाला. त्या दोन्ही घरांच्या खिडक्यांचं काम सुखदेवच्या हातून गेलं. तो म्हणाला, "जीभ खोटी बोलत नाई, सर. त्याले मी का करू?"

पाण्याखालोखाल रबर. पुसायच्या वायपरचं रबर तो बायकोच्या दागिन्यासारखं कपाटात सरळ टांगून ठेवतो, कारण वाकलं की धार जाते आणि काचेवर रेघ उरते. त्याला कोणी हात लावलेला चालत नाही. अठरा फुटांचा लांबणारा दांडा मोटरसायकलला आडवा बांधून तो निघाला की समोरचे कोळशाचे ट्रक बाजूला होतात. खिडकी वर्तमानपत्राने पुसणाऱ्या माणसाशी तो वर्षभर बोलत नाही. ऊन काचेवर आलं की काम बंद. पाणी हाताआधी वाळतं म्हणून.

त्याची कोटेशनं मी लिहून देतो. मी निवृत्त शिक्षक, मला दुसरं काय काम! असंच एक कोटेशन ताडोबाच्या कडेच्या एका रिसॉर्टला गेलं आणि लागलं. वर्षभराचा करार, आठवड्यातून दोनदा. जेवणाच्या हॉलला चाळीस फूट काच, पलीकडे सरळ जंगल.

दुसऱ्या खेपेहून तो परत आला तो माझ्या ओट्यावर बसूनच राहिला. "सर, तिथी धूळच नाई. पुसली, अन् दुपारून पाह्यली, तं तशीच. चार दिवसांनी पाह्यली, तं तशीच!" बावीस वर्षं त्याने पुसलेलं सगळं संध्याकाळी धुळीने पुसलं होतं. पहिल्यांदा त्याचं काम टिकत होतं. माणूस उजळला. कोणाच्याही पाण्यावर थुंकेनासा झाला. मंगलाबाईंना त्याने स्वतःहून आरओचा एक कॅन नेऊन दिला.

आणि काच तरी कशी झाली! एका पाहुण्याने म्हणे खुर्चीत बसल्या बसल्या बाहेरचं मोहाचं फूल तोडायला हात घातला आणि बोट मुरगाळून घेतलं. मुंबईची एक बाई वाघ आत येईल म्हणून टेबलाखाली जेवली. हे मला सुखदेवने सांगितलं, म्हणजे यातलं निम्मं मी वाढवलेलं आहे.

दोन महिन्यांनी माझा फोन वाजला. कोटेशनवर नंबर माझा होता. रिसॉर्टचा मॅनेजर ओरडत होता, "मास्टरजी, आपका आदमी पागल हो गया है! आके देखो!"

दुसऱ्या दिवशी सुखदेवच्या मागे बसून गेलो. चाळीस फूट काच, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार-चार बोटांवर, पांढरे ठिपके. तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचे, बोटाने लावलेले, शाळेच्या पाटीवर आखल्यासारखे एका ओळीत. काच त्यांच्यामागे तशीच लख्ख.

"ये खिडकी है या माता निकली है?" मॅनेजर म्हणाला. "आमचा गेस्ट वाघ पाहायला येतो. ठिपके पाहायचे तर जंगलात बिबट्या आहे की!"

मला हसू आलं, पण सुखदेव हसला नाही.

"पाखरं धडकते, सायेब. त्याहिले काच दिसत नाई."

"दिसत नाही म्हणूनच तर तुला ठेवलाय ना! पुसून टाक, विषय संपला. करार चालू."

मी सुखदेवला कोपराने ढोसलं. "पूस ना बाप्पा! दोन मिनिटांचं काम."

"दुसऱ्यानं लावले असते तं पुसले असते," तो म्हणाला. "मीच लावले."

"नाही पुसणार?"

"नाई."

मॅनेजरने आत जाऊन कराराचा कागद आणला आणि आमच्यासमोर फाडला. मग पोऱ्यालाही न बोलावता स्वतःच ओला टॉवेल घेऊन ठिपके पुसायला लागला. बोरच्या पाण्याने. सुखदेवने ते एकदा पाहिलं आणि मोटरसायकलला दांडा बांधायला वळला.

वाटेत मी त्याला सोडला नाही. "बावीस वर्षांनी एक काच मिळाली होती तुला, एक! आता जा, मर त्या सिमेंटमध्ये. पाखरं काय, शहाणी होतील चार दिवसांत!" तो गाडी चालवत राहिला. रिसॉर्टचं फाटक ओलांडल्यावर एका ऐनाच्या झाडाजवळ त्याने गाडी थांबवली. "आलोच, सर." मला वाटलं, लघवीला गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून मागे गेलो.

झाडामागे मातीचे लहान-लहान उंचवटे होते, प्रत्येकावर एकेक दगड. सात की आठ. एकावरचा दगड घसरला होता, तो त्याने सरळ केला. ऊन येण्याआधी काम सुरू करायचं म्हणून हा पहाटेच निघतो, अशी मी गावभर त्याची तारीफ केली होती. पाहुणे उठायच्या आत तो तिथे का पोचत होता, ते आत्ता कळलं.

मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. विचारलं, "कोणते पक्षी होते रे?"

"नावं मले नाई माहीत, सर," तो म्हणाला. "हिरवे होते. दोन निळे."