शब्द तात्यांचे, फेटा माझा

तिसगावच्या बाजारात तात्या टेलरचं मशीन मध्येच थांबलं, की समजावं, यमक अडलंय. गिऱ्हाईक बोलत असतं, तात्या पत्र्याकडे बघत असतात. यमक सुचलं की पाय पुन्हा पॅडलवर. एकदा या नादात त्यांनी एका ब्लाउजला तिसरी बाही लावली होती. “ऱ्हाऊ द्या, सुपारीला पिशवी हुईल,” म्हणाले.

तात्या नवऱ्यामुलींसाठी उखाणे रचतात. मापाचा ब्लाउज ठेवायला आलेल्या मुलीला विचारतात, “नवरा कसा हाय?”

“चांगलाय.”

“चांगला तर समद्यांचाच असतो. खरं एक तरी सांग, यमकाचं मी बघतो.”

मग ती लाजत सांगते, बघायला आला तेव्हा घाबरून माझ्या वडलांचाही चहा पिऊन गेला. तो चहा उखाण्यात येतो, वऱ्हाड लोटपोट होतं आणि नवरा लालेलाल.

गावाला मात्र हे उखाणे माझे वाटत. मी निवृत्त मास्तर, दुपारचा दुकानात बसणारा. तात्यांनीच पहिल्या मुलीला सांगितलं, “गुरुजींनी लिवलाय.” का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “बिनलग्नाच्या मानसाचा उखाना कोन घेईल? लोक हसत्याल.”

मीही ते चालू दिलं. लग्नालग्नात ‘उखाणेवाले गुरुजी’ म्हणून मला फेटा बांधत. तात्या मागच्या रांगेत ओठ हलवत बसत. परतताना एवढंच विचारत, “नवरा हसला का वो? मागून दिसलं न्हाई.” डोक्यावर फेटा असताना याचं उत्तर देणं मला दर लग्नाला जड जाऊ लागलं.

यंदा माझ्या नातीचं, सुप्रियाचं लग्न झालं. फेट्यासाठी बोलावलं तेव्हा मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. तात्या खुर्चीखाली चप्पल शोधू लागले.

“ह्याला काय कळतंय नवराबायकूतलं?” कुणीतरी म्हणालं.

“माझा संसार त्याच्याच उखान्यावर सुरू झाला, गप बसा,” एक बाई म्हणाली. बोलणारा तिचाच नवरा होता. तो बसला.

सुप्रियानं पाठ केलेला उखाणा सोडला आणि स्वतःचाच घेतला:

“आकाशरावांचं नाव घेते मांडवाच्या दारात,
शब्द देणारे तात्या बसलेत मागच्या रांगेत.”

सगळा मांडव मागे वळला. मी जाऊन माझ्यासाठी आणलेला फेटा त्यांच्या डोक्यावर बांधला.

“दारात... रांगेत...” तात्या पुटपुटले. “यमक न्हाई बसलं, पोरी.”

मग फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत म्हणाले, “पन खरं हाय.”