मासिना आजीचा चौकोन

घरकामं वाटून देणारं ॲप पेनिनाने बनवलं, पण त्यात घरातल्या माणसांची नावं भरायला सोसेफिना काकूला सांगितलं, इथेच घोळ झाला. प्रत्येकाचं विजेट, म्हणजे पडद्यावरचा एकेक चौकोन, ॲप आपोआप बनवणार होतं. पेनिनाने ते फक्त मांडायचे. रविवारी कुळाचे प्रमुख तुफुगा काका ॲप बघणार होते. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पेनिना माशांच्या कारखान्यात.

पहिलाच चौकोन होता: 'मासिना आजी. शेवटची हालचाल: नोंद नाही.'

"काकू, आजी जाऊन किती वर्षं झाली!"

"जाऊन कुठं? दारातच तर आहेत." काकूने हनुवटीने अंगणातल्या कबरीकडे दाखवलं. तिच्या गुळगुळीत फरशीवर धुणं वाळत होतं. "घरात कोण कोण, असं विचारलंस. मी लिहिलं."

पेनिनाने चौकोन ओढून तळाशी नेला. तो पुन्हा वर आला. मग तिला आठवलं, सगळ्यात रिकामटेकडा माणूस वर, हा नियम तिनेच घातला होता. आणि आजीइतकं स्वस्थ घरात कुणीच नव्हतं. तिने आजीला पुसून टाकलं.

रविवारी चर्चहून येऊन सगळे पोटभर जेवले आणि चटईवर बसले. काकांनी चष्मा लावला. पुसलेली आजी पुन्हा सगळ्यात वर होती. खाली लिहिलं होतं: 'आजचं काम: भांडी.'

"आईला भांडी?" काकांनी शांतपणे विचारलं.

"काका, ते आपोआप होतं. ज्याने बरेच दिवस काही केलं नाही..."

"ते खरंय म्हणा."

फोन टिंग वाजला: 'काम झालं.'

काकू स्वयंपाकघरात डोकावून आली. "घासलीयत."

"कुणी? सगळे तर इथं."

"ताटं पालथी घातलीयत," काकू हळूच म्हणाली. "सासूबाई पालथीच घालायच्या."

काकांनी चष्मा पुसला. "चांगलं आहे तुझं ॲप, पोरी. उद्या तिला डुकरांना खायला घालायचं काम दे."

कारखाना टळला. पेनिनाने श्वास सोडला, तोच तिचा स्वतःचा चौकोन सरसर वर चढला: 'पेनिना. काम: माझ्यावरचं धुणं काढ. रविवार आहे.'

ती कबरीकडे धावली. कपडे गोळा केले, भराभर घड्या घातल्या. 'काम झालं' दाबायला बोट उचललं, तेवढ्यात फोन पुन्हा टिंग वाजला.

'घड्या नीट नाहीत.'