मारिगोच्या शिव्यांचा भाव

लिओनार्दोसचा एक गाल साफ झाला होता आणि दुसऱ्यावर साबणाचा फेस होता, तेवढ्यात मारिगोने तळघरातून अशी आरोळी ठोकली की त्याच्या हातातला वस्तराच खाली पडला.

"अहो! हे कांदे जमिनीवर कोणी ओतले?"

"मी," तो वरूनच म्हणाला. "ते जुनं भांडं रिकामं करायला नको? तीन खोकी भरून परवा झानिसकडे लिलावाला दिली. तूच म्हणालीस ना, तळघर आवरा!"

मारिगो जिना चढून आली ती कपाळाला हात लावूनच. "ते भांडं वन्संचं होतं हो! गेल्या ईस्टरला सूप वाढायला उसनं आणलेलं. आत्ताच फोन येऊन गेला त्यांचा. एकच्या बोटीनं येतायत. म्हणाल्या, माझं भांडं घासून ठेव."

"फिलिओचं भांडं? मग त्यात कांदे कोणी ठेवले?"

या प्रश्नाला मारिगोकडे उत्तर होते, पण ते देण्यासारखे नव्हते. तिने शाल ओढली आणि ती धावत सुटली.

फिलिओ म्हणजे लिओनार्दोसची मोठी बहीण. समोरच्या टिनोस बेटावर राहायची. दर नोव्हेंबरात भावाच्या नामदिवसाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, यायची, मारिगोच्या हातचे माशाचे सूप चाखायची आणि चमचा खाली ठेवून म्हणायची, "टाकाऊ झालंय." एकतीस वर्षे हे असेच चालले होते. सुपाला जी अशी बोलते ती भांडे हरवल्यावर काय बोलेल? आणि फिलिओ सकाळी जे बोलते, ते संध्याकाळपर्यंत दोन्ही बेटांवर पोचते.

आमच्या बेटावरच्या एर्मूपोली गावातले लिलाव बंदरावरच्या जुन्या जकातघरात होतात. मारिगो पोचली तेव्हा खुर्च्या भरत आल्या होत्या. झानिस लिलाववाला हातोडा पुसत उभा होता. तिने त्याला कोपऱ्यात ओढले आणि सगळे सांगितले.

"वहिनी, यादी छापून झाली," झानिस म्हणाला. "सत्तेचाळीस नंबर. खाली लिओनार्दोसची सही आहे. तुम्हाला परत दिलं तर उद्या जो तो रडत येईल." मग त्याला दया आली. "वीस युरोपासून बोली आहे. त्या भांड्याला कोण हात लावतंय? तुम्हीच घ्या अन् जा."

मारिगोच्या पाकिटात साठ युरो होते. तिचा जीव भांड्यात पडला. पण भांडे पाहिले तेव्हा पुन्हा उडाला. झानिसने ते असे घासले होते की झाकणावरचा निळा मासा आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा चमकत होता. आणि त्याच्यासमोर औषधवाल्याची बायको एल्पिनिकी मान वाकडी करून उभी होती.

"बघतेस काय त्यात?" मारिगो म्हणाली. "आमच्याच तळघरातलं आहे. बुडाला तडा गेलाय. झाकण नीट बसत नाही. ईस्टरपासून कांदे होते आत. फ्तू, फ्तू, फ्तू! किती घाणेरडं भांडं!"

ते तीन फ्तू तिच्या तोंडून सवयीने निघाले. तिथेच घात झाला.

आमच्याकडे जिवापाड जपलेल्या वस्तूला कोणी चांगले म्हणत नाही. नातू गुटगुटीत असला की म्हणायचे, 'काय हा बेडूक', आणि तीनदा थुंकल्यासारखे करायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही. मारिगोने स्वतःच्या मुलीला लग्नाच्या दिवशी 'भुतासारखी दिसतेस' म्हटले होते, आणि ऐकून सगळ्या बायकांचे डोळे भरून आले होते.

एल्पिनिकीने गळ्यातला दृष्टीचा निळा मणी चाचपला आणि मैत्रिणीच्या कानाला लागली, "घाणेरडं म्हणाली. तीनदा थुंकली. काहीतरी फार मोलाचं आहे गं." ती कुजबुज दोन रांगा मागे गेली. अथेन्सहून आलेल्या जाड्या व्यापाऱ्याने खिशातून भिंग काढले.

सत्तेचाळीस नंबर टेबलावर आला.

"वीस!" मारिगो ओरडली.

"चाळीस," एल्पिनिकी म्हणाली.

"साठ! अगं, फुकट दिलं तरी कुत्रं त्यात पाणी पिणार नाही!"

"ऐकलंत?" मागून कोणीतरी म्हणाले. "कुत्रंसुद्धा म्हणाली!"

"शंभर," व्यापारी म्हणाला.

मारिगोचे पैसे संपले, पण तोंड संपले नव्हते. ती खुर्चीवरून उठली. "लाज वाटत नाही? फुटकं आहे ते! भिकार आहे! बघून पोटात ढवळतं माझ्या!"

दीडशे. दोनशे. मारिगोच्या प्रत्येक शिवीला तीस-चाळीस युरो चढत होते. ज्यांना भांडे नकोच होते तेही हात वर करू लागले. झानिसच्या कपाळावर घाम आला. जकातघराच्या त्या हॉलमध्ये सुपाच्या भांड्याला एवढा भाव कधी आला नव्हता. एल्पिनिकीने तीनशे दहा म्हटले तेव्हा सगळे उभेच राहिले.

तेवढ्यात लिओनार्दोस धापा टाकत आत शिरला. एका गालावरचा फेस तसाच वाळला होता. दाराशीच त्याने सगळे ऐकले होते. त्याने बायकोचा दंड धरला.

"गप बस बाई! भाव तूच चढवतेयस! तुला काय वाटतं, हे भांडं घेतायत? तुझ्या शिव्या घेतायत!"

मारिगोने त्याच्याकडे पाहिले. मग भांड्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. ती पुढे गेली, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "काय सुंदर भांडं आहे!"

वर गेलेले हात हवेतच राहिले.

"काय हा रंग! काय हा मासा! असं भांडं राजवाड्यातसुद्धा नसेल!"

"थुंक, मारिगो," एल्पिनिकी हळूच म्हणाली.

"का थुंकू? इतकं देखणं, इतकं नाजूक! डोळा हलत नाही माझा त्याच्यावरून!"

"अगं, तीनशे दहा म्हणालेय मी! थुंक ना!"

"नाही थुंकणार!"

पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली. व्यापाऱ्याने भिंग खिशात घातले आणि टोपी शोधू लागला. एल्पिनिकीने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "मी बोली दिलीच नव्हती. केस सारखे करत होते मी!"

"पुन्हा पहिल्यापासून," झानिस म्हणाला. त्यालाही ते दृष्ट लागलेले भांडे आपल्या छपराखाली नको होते. "वीस?"

हात एकच वर झाला. झानिसने हातोडा इतका अलगद टेकवला की आवाजही झाला नाही. भांडे कागदात बांधायला कोणी पुढे आले नाही. मारिगोने ते शालीत घेतले आणि बाहेर पडली.

बाहेर आल्यावर मात्र ती जागीच थांबली. एवढी स्तुती केली होती, आणि उतारा केलाच नव्हता. तिने थुंकून पाहिले, पण ओरडून ओरडून तोंड कोरडे पडले होते. थुंकी येईना.

"अहो, तुम्ही तरी थुंका!"

"माझ्या तोंडात साबण आहे. चालेल का?"

हे ठरेपर्यंत बोट धक्क्याला लागली, आणि चीजचे गाठोडे घेऊन फिलिओ समोर उभी राहिली. तिने शाल बाजूला केली. ऊन थेट निळ्या माशावर पडले.

"अगं बाई! हे माझं भांडं? इतकं सुंदर होतं हे?"

आणि बूड गळून पडले. मग बाकीचे. झाकण गडगडत गेले आणि धक्क्यावरून समुद्रात पडले. मासा पाण्यात गेला.

मग फिलिओने स्वतःच्याच तोंडावर चापट मारली. "माझीच नजर! माझ्याच भांड्याला! सत्तर वर्षांची झाले, अन् थुंकायचं विसरले!"

"तसं नाही ताई, त्याच्या बुडाला आधीच..." लिओनार्दोसने सुरुवात केली. मारिगोने त्याच्या पायावर पाय दिला.

"जाऊ द्या वन्सं," ती म्हणाली. "माणसं धडधाकट आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी नामदिवसाच्या जेवणाला मारिगोने सूप साध्या पातेल्यातच टेबलावर ठेवले. फिलिओने एक चमचा घेतला, दुसरा घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडले, दचकून पातेल्याकडे पाहिले आणि पटकन म्हणाली, "टाकाऊ झालंय."

एकतीस वर्षे ती हेच म्हणत आली होती. पण पुढे तीनदा थुंकली ती त्या दिवशी पहिल्यांदाच.