उन्हाला आंधळा हिरा

मुलांनो, छातीभर कापसानं भरलेली एक खोली मनात आणा. भर दुपार, दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. दाराबाहेर बाजेवर एक छोटी पेटी खोलीकडे तोंड करून बसली आहे आणि एकटीच बोलते आहे. टिक. टिक.

उमापूरच्या गहिनीनाथाच्या घरात सकाळपासून हे चाललं होतं. पेटी त्याच्या बहिणीची. प्रियदर्शनी पुण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. कडा गावी एका लग्नाला जाताना तिनं पेटी इथं ठेवली आणि भाचीला, दहा वर्षांच्या अंजूला, सांगितलं, "यात माणसानं बनवलेला हिरा आहे. त्याला ऊन दिसत नाही. पण ज्योतीतून, ठिणगीतून जे उन्हात नसलेले अतिनील किरण निघतात, ते बरोबर दिसतात."

गहिनीनाथानं त्यातला फक्त 'हिरा' ऐकला. हिरा लाभतो की नाही, हे तीन दिवस घरात ठेवून पाहायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. वर्षाचा कापूस उद्या टेम्पोत जायचा होता. म्हणून त्यानं पेटीला हळदकुंकू लावलं, बटण दाबलं आणि तिचं तोंड कापसाकडे केलं.

"अंजे, हिरा लाभंना गेलाय," तो हळूच म्हणाला. "आत काय तरी हाय."

शेजारचे राधाकिशनकाका आले. भुतं काढण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्यांनी लिंबू फिरवलं. टिक, टिक. कापूर पेटवला, तशी पेटी किंचाळायलाच लागली.

"बघ बे गहिनी," काका मागं सरत म्हणाले, "वळखलं त्यानं मला."

कापूर विझला. पुन्हा टिक, टिक.

"काका, ते कापराला वरडलं," अंजू म्हणाली. "तुमाला न्हाई."

"मग आता कावून वाजतंय? आत कुनी कापूर लावलाय?"

आत पांढराशुभ्र कापूस उन्हात चकाकत होता. दुसरं काही दिसत नव्हतं. आत्या 'ठिणगी' पण म्हणाली होती, अंजूला आठवलं.

काकांनी नवा कापूर पेटवला. "आत जाऊन ओवाळतो."

"कापसात जाळ नेता व्हय?" अंजूनं फुंकर मारली, पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

पेटी गप्प झाली.

समोरच्या भिंतीवर, ढिगाच्या चार बोटं वर, उंदरानं कुरतडलेली वायर लोंबत होती. तिच्या ठिणग्या त्या लख्ख उजेडात कुणाच्या डोळ्यांना दिसल्या नव्हत्या. खालचा कापूस तांबूस झाला होता.

गहिनीनाथानं पेटीवरून हात फिरवला. "लाभला म्हनायचा की."

"माझं लिंबू लई जालीम असतंय," काका म्हणाले.

अंजूनं पेटी उचलली, शेजारी गेली आणि काकांच्या कापसाच्या खोलीकडे तिचं तोंड केलं.

टिक.